कुठली जागा?

आमच्या मिरजेच्या घरात रेडिओ सोप्यात असायचा आणि आत्या स्वयंपाकघरात. शनिवारी रात्री साडेनऊला आकाशवाणीची अखिल भारतीय संगीत सभा लागायची. अप्पा, म्हणजे माझे आजोबा, त्यांचे दोन मित्र आणि समोरचे निवृत्त मास्तर तक्क्यांना टेकून बसायचे. आत्या त्या वेळी मुद्दाम आवाज न होणारी कामं काढायची. डाळ निवडायची, दुधाला विरजण लावायची. भांडी सकाळवर ठेवायची, म्हणजे एका भांड्यावर दुसरं आपटायला नको.

मी नऊ वर्षांची असेन, 1981 च्या सुमारास. एका शनिवारी कुणी गवई गात होते. नाव आता आठवत नाही. सोप्यातून अप्पांची ‘वाहवा’ सारखी ऐकू येत होती. आत्या करंगळी दुधात बुडवून कोमट झालंय का ते बघत होती. तशीच, बोट दुधात ठेवून, ती हळू आवाजात म्हणाली, “षड्जावर येताना दर वेळी याचा श्वास संपलेला असतो. दमलेला नाही तो. घाईत आहे.”

मला ते इतकं खरं वाटलं की अप्पांना सांगायला मी उठलेच. तिनं माझा फ्रॉक मागून धरला. “जाऊ नकोस. मोठी माणसं बोलताहेत.”

ती तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होती.

आत्या चौदाव्या वर्षापर्यंत गाणं शिकली होती. लग्नानंतर ते सुटलं. पुढे ती माहेरी परत आली, पण गाणं परत आलं नाही. कान मात्र कुठे गेला नव्हता. सकाळी सांगली केंद्रावर अभंग लागला की भाकरी थापता थापता ती सांगायची, तंबोऱ्याचा पंचम उतरलाय. मी रेडिओला कान लावून पडताळून बघायचे. फार वेळा तिचंच बरोबर निघायचं. घरात तिला कुणी कधी विचारलं नाही, “काय गं, कसं वाटलं गाणं?” अप्पा दुष्ट नव्हते. तिच्यावर त्यांची माया होती. तिला विचारावं हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

हे सगळं आज लिहितेय, कारण मागच्या आठवड्यात सांगलीत एका गाण्याच्या मध्यंतरात चहाच्या रांगेत आम्ही सहा जणी उभ्या होतो. त्यांतल्या दोघी विशारद. एक गेली वीस वर्षं मुलांना पेटी शिकवते. मी विचारलं, कसं वाटलं? “छान.” “खूपच छान.” “अंगावर काटा आला बाई.” आणि लगेच, परतीची शेवटची एसटी कितीची? चार हातांवर पुरुषांचा घोळका होता. तिथं विलंबिताची, म्हणजे संथ ख्यालाची, लय जरा पुढेच होती का, अंतरा अर्धवट सोडला का, यावर जोरात चाललं होतं. त्यांतले दोघे-तिघे माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत. आमच्या पेटीवाल्या बाईंच्या निम्म्यानंही त्यांना गाण्यातलं कळत नाही. पण ते बोलत होते, आणि आम्ही एसटीची वेळ बघत होतो.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. अठ्ठावीस वर्षं काचपट्टीवर जे दिसतं ते लिहून द्यायचं, हे माझं काम. ‘रक्त छान आहे’ असा रिपोर्ट मी कधी दिलेला नाही. काय दिसलं, किती दिसलं, ते लिहावं लागतं. गाण्याच्या बाबतीत मात्र मी स्वतः कितीतरी वर्षं ‘छान’ याच एका शब्दावर काढली. का, ते सांगते.

1998 साल. लग्नाला दोन वर्षं झालेली. एका प्रतिष्ठित घरात बैठक होती, चाळीसेक माणसं. गाणाऱ्यांनी बिहाग राग मांडला. बिहागात तीव्र मध्यम येतो तो पंचमाचा हात धरून, जरासा, चव लावण्यापुरता. ठाण मांडायचं ते शुद्ध मध्यमानं. त्या दिवशी तीव्र मध्यम हळूहळू पाय पसरत गेला. तो तसा वाढला की मारुबिहागाची, म्हणजे दुसऱ्याच एका रागाची, सावली पडायला लागते. गाणं संपल्यावर ताटं घेऊन सगळे बोलत उभे होते. मीही म्हणाले, “बिहाग ऐकताना मला मधेमधे मारुबिहागात गेल्यासारखं वाटत होतं.”

एका वयस्कर गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं. “शिक्षण कुठपर्यंत झालंय?”

“मध्यमा.” विशारदच्या आधीची परीक्षा.

ते हसले. वाईट हसले नाहीत, कौतुकानंच हसले. मग माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाले, “मिसेसना आवड आहे, बरं का!”

माझं म्हणणं चूक असू शकतं. तसं कुणी म्हणालं असतं तर मी वाद घातला असता, कदाचित हरले असते, काहीतरी शिकले असते. पण मी काय म्हणाले याला उत्तरच आलं नाही. उत्तर आलं ते माझ्या परीक्षेला, आणि तेही नवऱ्याला. माझ्या हातात श्रीखंडाची वाटी होती. ती मी पूर्ण संपवली, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

त्यानंतर बाहेर बोलणं बंद. घरी येऊन लिहायचे. लॅबमध्ये जानेवारीत औषध कंपन्यांच्या डायऱ्या येतात, त्यांतली एक मी गाण्यासाठी ठेवायला लागले. अशा चौदा डायऱ्या आहेत माझ्याकडे. त्यांत कोण किती वाजता गायलं, कुठली चीज, कुठल्या जागेला मी उठून बसले, कुठे मन उडालं, सगळं आहे. नवऱ्यालाही वाचू दिल्या नव्हत्या. तो बिचारा विचारायचा, यात एवढं लपवण्यासारखं काय आहे? लपवण्यासारखं काहीच नव्हतं. पुन्हा ‘आवड आहे’ ऐकायचं नव्हतं.

आपल्याकडे हे किती जुनं आहे ते पाहिलं की मला त्या गृहस्थांचाही फार राग येत नाही. महाराष्ट्र-गोव्याच्या गाण्याचा विसाव्या शतकातला इतिहास बायकांची नावं काढून सांगताच येणार नाही. हिराबाई बडोदेकर 1905 साली आमच्या मिरजेतच जन्मल्या. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर गोव्याच्या, दोघींना अल्लादिया खाँसाहेबांची तालीम. पलीकडे धारवाड-हुबळीकडे गंगूबाई हनगल. गाणं इतकं बायकांचं, आणि गाण्यावरचं बोलणं मात्र पुरुषांचं. गाणारीनं बोलायचं नाही, कारण ती गाणारी. ऐकणारीनं बोलायचं नाही, कारण ती घरंदाज. घरंदाज बाईनं तर मैफलीला जायचीही चोरी होती. हिराबाई दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, शांत बसून, तिकीट लावलेल्या जाहीर मैफलीत गायल्या आणि मग मध्यमवर्गातल्या आयांना आपल्या मुलींना गाणं शिकवायचा धीर आला, असं आमच्याकडच्या जुन्या बायका सांगतात. आत्या चौदाव्या वर्षापर्यंत का होईना शिकली, ती त्या धीरावरच.

एक गोष्ट मला फार विचार करायला लावते. घराण्यांच्या सौंदर्यविचारावर आपल्याकडे ज्या पुस्तकाचं नाव पहिलं घेतात ते ‘घरंदाज गायकी’, 1961 चं. लिहिणारे वामनराव देशपांडे. त्यांनी मोगूबाईंकडे तालीम घेतली होती. पुस्तक मोलाचं आहे, मी दोनदा वाचलंय. पण मोगूबाईंचं म्हणणं आपल्यापर्यंत येतं ते बहुतेक करून दुसऱ्यांच्या लिहिण्या-बोलण्यातून. मला ते त्यांच्याच शब्दांत हवं होतं. रियाजाला बसल्यावर त्यांना स्वतःला कुठला राग जवळचा वाटायचा, कुणाचं गाणं खटकायचं, का खटकायचं.

त्यांची मुलगी बोलली. किशोरीताई आमोणकरांनी ‘स्वरार्थरमणी’ लिहिलं, मुलाखतींमधून वाद घातले, मैफलीत श्रोत्यांची कुजबुज चालली की गाणं थांबवून सुनावलं. आईला मैफलींमध्ये कशी वागणूक मिळायची ते लहानपणी पाहिलं होतं, असं त्या स्वतः सांगायच्या. आणि लोक त्यांना काय म्हणाले? तिरसट. लहरी. असाच करारीपणा एखाद्या बुवांनी दाखवला तर आपण त्याचे किस्से रंगवून सांगतो, ‘काय बाणेदार माणूस!’ म्हणतो. मीही सांगितलेत असे किस्से. आता सांगताना जीभ अडखळते.

मला पुन्हा बोलतं केलं ते सतारमेकर गल्लीतल्या एका चाचांनी. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा या गल्लीचं नाव पेपरात आलं, पण आम्ही लहानपणापासून तिथल्या कानशीच्या आवाजात वाढलोय. पंढरपूर भागातून आलेले भोपळे माळ्यावर वाळत टांगलेले, लाखेचा वास, जमिनीवर लाकडाचा भुसा. आत्याचा जुना तंबोरा मी दुरुस्तीला दिला होता. चाचांनी तारा चढवल्या आणि जवारी काढायला बसले. घोडीच्या पाठीवर तार जिथं टेकते तो उतार कानशीनं इतका हलका घासायचा की घासलेलं दिसूही नये. मग तारेखाली सुती दोरा सरकवायचा, केसभर पुढे, केसभर मागे. कुठल्यातरी एका ठिकाणी तार एकदम उघडते आणि एका स्वरातून स्वरांची झुंबड बाहेर पडते. पंचमाची तार झाली, जोडीच्या तारा झाल्या. खर्जाच्या तारेपाशी ते थांबले, तंबोरा माझ्याकडे वळवला.

“ऐका ताई. बसली?”

मला ती बसलेली वाटत नव्हती. खर्ज उघडत होता, पण लगेच मिटत होता. पंच्याहत्तरीचा माणूस, तीन पिढ्यांचा धंदा. मी म्हणाले, “छान आहे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तंबोरा परत मांडीवर घेतला. “नाही वाटत असेल तर नाही म्हणा. मी परत घासतो, मला काय त्याचं? उगीच हो म्हणालात तर हे वाद्य घरी जाऊन तसंच वाजणार.”

मग मी सांगितलं. लवकर मिटतोय. त्यांनी मान हलवली, दोन वेळा कानस फिरवली, दोरा सरकवला, पुन्हा छेडलं. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी दोघांनीही एकदमच मान डोलावली. एवढ्या मोठ्या कारागिराला माझ्या कानाची गरज होती. उपकार म्हणून त्यानं विचारलं नव्हतं, कामाचा भाग म्हणून विचारलं होतं. तिथून घरी येताना रिक्षात तंबोरा मांडीवर आडवा धरून मी बसले होते आणि मला सारखं वाटत होतं, आत्याला असं कुणी विचारलं असतं तर?

13 जानेवारी 2024 ला गायिका प्रभाताई अत्रे गेल्या. दुसऱ्या दिवशी रविवार होता, भोगी. शेजारच्या तिघी बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी घेऊन आमच्याकडे आल्या होत्या. मी प्रभाताईंचा मारुबिहाग लावला. ऐकता ऐकता मला 1998 ची ती वाटी आठवली आणि सव्वीस वर्षांनी मी पहिल्यांदा ती हकिगत मोठ्यानं सांगितली. एकीनं विचारलं, “म्हणजे नक्की कुठला मध्यम गं? दाखव ना.” मी तंबोरा काढला आणि दोन्ही गाऊन दाखवले. एवढंच तर हवं होतं मला त्या दिवशी. ‘दाखव ना.’

मग त्यांचाच कलावती राग लावला. प्रभाताई त्यात सरगम घेतात, म्हणजे स्वरांची नावंच गातात. ख्यालात अशी सरगम असावी की नसावी यावर जाणकारांनी पुष्कळ भांडून झालंय. प्रभाताई विज्ञानाच्या आणि कायद्याच्या पदवीधर. त्यांनी सरगम याच विषयावर डॉक्टरेट केली, ‘स्वरमयी’सारखी पुस्तकं लिहिली, आणि आपलं म्हणणं गाऊनही मांडलं, लिहूनही. हे सगळं आमच्यातल्या ब्लाउज शिवणाऱ्या मैत्रिणीला ठाऊक नव्हतं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, “कापड उलटं करून शिवण दाखवल्यासारखं वाटलं मला. सुलट बाजूनं नक्षी दिसते, उलट बाजूनं टाका कसा पडलाय ते कळतं.”

दुसरी लगेच म्हणाली, “मला नाही आवडलं. जेवण रंगात आलंय आणि कुणीतरी मधेच वाणसामानाची यादी वाचतंय असं झालं.”

दोघी पाऊण तास भांडल्या. भाकरी गार झाली. इतकी सुंदर दुपार माझ्या आयुष्यात थोड्याच वेळा आली असेल.

त्या दिवसापासून आम्ही महिन्यातून दोन रविवारी जमतो. आता नऊ जणी आहोत. एक रेकॉर्डिंग, वीस-पंचवीस मिनिटं, मग बोलायचं. नियम एकच आहे. ‘छान’ म्हटलं की बाकीच्या विचारणार, “कुठली जागा?” गाण्यातल्या लोकांचाच शब्द आहे हा. कुठली जागा घेतली, कुठल्या जागेला जीव गेला. मग बाईला आठवावं लागतं. पुन्हा लावा म्हणते, बोट वर करून धरते, “ही... ही बघा.” जागा सापडली की का आवडली याचे शब्द आपोआप येतात. तिच्या रोजच्या कामातले येतात, आणि ते पुस्तकातल्या शब्दांपेक्षा कितीतरी नेमके असतात.

आमच्यातली एक नर्स आहे, रात्रपाळी करून येते. तिनं तिसऱ्या वेळी सांगून टाकलं, “मला विलंबितात झोप लागते. हे मत धरणार का?” धरणार की! आम्ही अतिविलंबित एकताल लावला. तिनं नाडी मोजायच्या सवयीनं घड्याळ काढलं आणि एक आवर्तन, म्हणजे समेपासून पुढच्या समेपर्यंतचा तालाचा एक फेरा, मोजलं. बारा मात्रांना बासष्ट सेकंद. “म्हणजे समेवर यायला हा माणूस एक मिनिट घेतो? मग मी वाट कशाची बघायची तेच मला कुणी सांगितलं नव्हतं.” पुढच्या आवर्तनाला ती घड्याळाकडे न बघता समेवर मान देऊन मोकळी झाली. झोप अजूनही लागते तिला कधीकधी. पण आता ती सांगते, कुठल्या आवर्तनाला लागली.

हे फक्त रागदारीचं नाही. माझी भाची पुण्यात शिकते, तिला मेटल आवडतं. बँडचं नाव असलेला टी-शर्ट घालून कॉलेजात गेली की एखादा मुलगा हटकून म्हणतो, “पाच गाणी सांग बघू यांची.” तिच्या भावाला तोच टी-शर्ट घातल्यावर कुणी विचारलेलं नाही. मी तिला माझी ‘मध्यमा’ची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “मावशी, तुझा आणि माझा पेपर एकच आहे.”

म्हणून मैत्रिणींनो, एक विनंती आहे. “मला त्यातलं फारसं कळत नाही, पण...” हे वाक्य एक महिना बंद करून बघा. त्या ‘पण’च्या पुढे जे असतं तिथूनच सुरुवात करा. चुकलात तर चुकलात. राग ओळखायला चुकणं, ताल मोजायला चुकणं यानं कुणाचं काही बिघडत नाही. मोठमोठे रसिक रोज चुकतात आणि जेवतात-झोपतात. लिहून ठेवा, औषध कंपनीच्या डायरीत का होईना. आणि एकमेकींना विचारा. विचारल्यावर थांबा. पहिलं उत्तर ‘छान’च येतं, पन्नास वर्षांची सवय असते ती. दुसरं उत्तर यायला जरा वेळ लागतो. त्या वेळात चहाचं, एसटीचं काढू नका. घरातल्या पुरुषांनाही हेच सांगायचंय. विचारा, आणि विचारून झाल्यावर स्वतः उत्तर द्यायला लागू नका.

आत्या आता पंच्याऐंशी वर्षांची आहे. कानाला यंत्र आहे. ते यंत्र बोलणं ऐकण्यासाठी बनवलेलं आहे, गाण्याला ते निभावत नाही. “यातून सगळे तंबोरे एकसारखेच वाटतात,” असं ती म्हणते, आणि मग यंत्र काढून तंबोऱ्याच्या भोपळ्याला कान लावून बसते. मागच्या रविवारी बाकीच्या गेल्यावर मी तिच्याजवळ बसले. यंदाची कोरी डायरी उघडली आणि म्हणाले, “आत्या, हिराबाईंना तू ऐकलंस ना? कसं गायच्या?”

“छान.”

“कुठली जागा?”

ती बराच वेळ गप्प होती. मी काही बोलले नाही. मग तिनं हात पुढे केला, तळवा खाली, जणू टेबलावर काहीतरी नाजूक ठेवतेय. “त्या स्वर टाकत नव्हत्या. ठेवायच्या. टाकलेला आणि ठेवलेला यात फरक असतो ना, तो. लिहिलंस?”

लिहिलं.

“आता तो शनिवारचा गवई लिही. तू फ्रॉकमध्ये होतीस बघ, अप्पांना सांगायला पळत होतीस. अप्पांना फार आवडला होता तो. मला नव्हता आवडला. का ते सांगते, घे.”